तांबड्या मातीचं माथेरान



नेरळला उतरलात,
की वर डोंगरावर माथेरान.
कर्जत तालुक्यातलंच गाव.

इथं मोटार दस्तुरी नाक्यालाच थांबते.
पुढं तांबडी माती,
दाट झाडी,
घोड्यांच्या टापा…
आणि झुकझुक करत येणारी छोटी गाडी.
१९०७ सालापासूनची!

२००५च्या अतिवृष्टीत
तिचा मार्ग वाहून गेला.
तो पुन्हा बांधला.
२०१९च्या पावसात परत खचला.
२०२२मध्ये गाडी नेरळहून पुन्हा निघाली.

मोटार नाही,
हीच माथेरानची श्रीमंती.

गाव सुधारावं, जरूर सुधारावं.
हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या हाती
आता ई-रिक्षा येऊ लागलीय.
फार चांगलं झालं.
माणसानं माणसाला ओढणं
हा काही जपायचा वारसा नव्हे.

पण मोटार नाही,
हीच माथेरानची श्रीमंती.

पाऊस सरला,
की नेरळहून छोट्या गाडीनं वर जा.
पायांना तांबडी माती लागेल.
लागू द्या.