परिचर नसेल, तर प्रॅक्टिकल नको



या अध्यापक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत, त्याबद्दल कार्यकारिणीचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार.  विद्यार्थी प्रयोगशाळेतील सुरक्षितता हा विषय यंदाच्या परिषदेसाठी निवडला गेला, याचे मला विशेष समाधान आहे. रिवाजाप्रमाणे अध्यक्षाने आधी विषयाचा आढावा घ्यायचा असतो. तो घेतो.

आमची पिढी सॉल्ट अ‍ॅनालिसिस शिकली ती किपच्या उपकरणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने कोंदलेल्या खोलीत. हा वायू फसवा आहे. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असे वाटते. आता अर्धसूक्ष्म पद्धत आली. बऱ्याच ठिकाणी बेंझीनची जागा टोल्युइनने घेतली. काचसामान धुण्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्रोमिक आम्लाचे मिश्रण मागे पडत चालले आहे. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय पुष्कळ महाविद्यालयांतून गेली, सगळ्यांतून नाही. एप्रन बहुतेक ठिकाणी सक्तीचा झाला. भिंतींवर सूचनाफलक आले, अग्निशामक नळकांडी आली. एवढ्या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्या करणाऱ्यांचे ऋण मी मानतो.

आढावा इथेच थांबवतो. या व्यासपीठावर जे बोलायचे म्हणून मी बरीच वर्षे थांबलो होतो, ते या आढाव्यात कुठेच बसत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: विद्यार्थी प्रयोगशाळेची सुरक्षितता प्रयोगशाळा परिचर सांभाळतो, आणि त्या परिचराला आपण संपवत आणले आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचा साधा उल्लेखही नाही.

सकाळच्या सत्रात दोन वाद रंगले. पहिला सुरक्षा चष्म्याचा. एका बाजूचे म्हणणे असे की चष्मा सक्तीचा केला की डोळ्यांचा प्रश्न मिटला. दुसऱ्या बाजूने खर्च आणि उन्हाळ्यातला घाम पुढे केला. चष्मा हवाच, त्यात मला शंका नाही. पण मी ज्या महाविद्यालयात आयुष्य काढले, तिथला एक प्रसंग सांगतो.

द्वितीय वर्षाची बॅच होती. लॅसेन परीक्षा चालली होती. फ्यूजन ट्यूबमध्ये सोडियम आणि सेंद्रिय पदार्थ तापवायचा, नळी लालबुंद झाली की चिनी मातीच्या बशीतल्या ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवायची आणि लगेच वर जाळी झाकायची. एका मुलीने सोडियमचा तुकडा मोठा घेतला होता, तो पुरता जळला नव्हता. नळी पाण्यात जाताच फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि अल्कधर्मी पाणी काचेच्या तुकड्यांसह तिच्या तोंडावर उडाले. शिक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला व्हायव्हा घेत होते. ते वळेपर्यंत आमच्या मामांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरांनी, तिला कोपऱ्यातल्या नळापाशी नेलेही होते. त्या नळाला त्यांनी कायम एक मऊ रबरी नळी लावून ठेवलेली असे, ती कुणाला काढू देत नसत. डाव्या हाताने तिचे डोके धरलेले, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी उघडी ठेवलेली, पाण्याची धार नाकाकडून कानाकडे. "पोरी, डोळा मिटू नको, ओरड पाहिजे तेवढी, पण मिटू नको," एवढेच ते बोलत होते. पंधरा मिनिटे त्यांनी तिला हलू दिले नाही. रिक्षा आली होती, शिक्षक घाई करत होते, तरी मामांनी घड्याळ पाहूनच नळ बंद केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासल्यावर सांगितले की डोळा वाचला तो या पाण्यामुळे.

त्या मुलीच्या डोळ्यांवर चष्मा असता तर फारच बरे झाले असते. पण ज्या खोलीत मामा नाहीत, तिथे चष्मा विसरलेल्या मुलीचे काय होणार, याचे उत्तर सकाळच्या चर्चेत कुणी दिले नाही.

उपकरण असणे आणि ते वापरायला सरावलेला माणूस जवळ असणे, यांत किती अंतर आहे हे जगाने पाहिले आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने ओढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि हवेशी गाठ पडताच द्रव पेटला. अंगात एप्रन नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. अठरा दिवसांनी ती गेली. या घटनेतून आपण सगळे एप्रनचा धडा घेतो आणि तो बरोबरच आहे. पण त्या प्रयोगशाळेत आपत्कालीन शॉवरही होता. सहकाऱ्याने तिला शॉवरखाली नेले नाही, कापडाने ज्वाळा दाबायचा प्रयत्न केला. त्या क्षणी कुठे धावायचे हे ज्याच्या हाडीमाशी मुरलेले आहे, असा माणूस तिथे नव्हता.

दुसरा वाद आभासी प्रयोगशाळेचा. पडद्यावर प्रयोग केला की अपघात होतच नाही, असे काही तरुण मित्रांनी आग्रहाने मांडले. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. तापलेली काच आणि थंड काच दिसायला अगदी सारखी असते, हे पडदा शिकवू शकत नाही. पडद्यावर तयार झालेली मुले पहिल्यांदा खऱ्या बर्नरपाशी आली की सरळ चिमट्याशिवाय नळीला हात घालतात, हे मी पाहिले आहे. आमचे मामा पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाला हाताची मागची बाजू काचेच्या जवळ नेऊन ऊब अजमावायला लावत. ते कुठल्या पुस्तकात वाचून आले नव्हते. ते आधीच्या परिचराकडून शिकले होते आणि तो त्याच्या आधीच्याकडून.

ही परंपरा किती बारीक होती, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ती आता लिहून ठेवली नाही तर कुणाला आठवणारही नाही. आमचे गाव विदर्भातले. तिथे एप्रिल-मे महिन्यात लिकर अमोनियाची बाटली हे संकट असते. बाटलीत दाब चढतो आणि बूच सैल करताच द्रव थेट तोंडावर उसळतो. मामा ती बाटली आदल्या संध्याकाळी बर्फाच्या पाण्यात ठेवत. सकाळी खिडकीपाशी नेऊन, ओल्या फडक्याने बूच झाकून, तोंड भिंतीकडे करून, अंगठ्याने हळूहळू फिरवून उघडत. विद्यार्थी आत यायच्या आधी हे काम झालेले असे. गंधकाम्ल पातळ करायचे तर मोठे बीकर पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे, आम्ल पाण्यात बारीक धारेने सोडायचे, काचेच्या कांडीने ढवळत राहायचे, बीकर बाहेरून हाताला सोसेना की थांबायचे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांना ते पॅराफिन मेणाचा हात द्यायचे, म्हणजे आम्लाच्या ओघळाने अक्षरे जात नाहीत. मुलांना पाठ असलेले "आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही" हे वाक्य आम्ही शिक्षकांनी शिकवले. त्या वाक्यामागची मेहनत मात्र बॅच सुरू होण्यापूर्वी उरकलेली असे आणि ती कुणाला दिसत नसे.

आणि इथरचा दिवस. डायएथिल इथर ३४.६ अंशांना उकळतो. आमच्याकडे उन्हाळी परीक्षेत खोलीचेच तापमान त्याहून वर असते, म्हणजे बाटली उघडली की इथर आपोआप उकळायला लागणार. त्याची वाफ हवेच्या अडीचपटीहून जड असते. ती ओट्यावरून, मग जमिनीवरून पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीपाशी पेट घेऊन परत येते. एकदा पदव्युत्तर परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांना गाडी गाठायची होती. विद्यार्थ्याने इथरची बाटली हातात घेतली आणि मामा म्हणाले, "सर, जरा थांबा." ते शेजारच्या खोलीत गेले, तिथले सगळे बर्नर विझवले, मुख्य कॉक बंद केला आणि मग परत येऊन मान डोलावली. परीक्षक चिडले, परिचराने परीक्षा थांबवावी हे त्यांना अपमानास्पद वाटले. मी विभागप्रमुख या नात्याने सांगितले की या खोलीत इथरच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा. आजही माझे मत तेच आहे. ज्या प्रयोगशाळेत परिचराला प्राध्यापकासमोर "थांबा" म्हणता येत नाही, ती प्रयोगशाळा सुरक्षित नाही.

मामा निवृत्त झाले. पद रिकामे राहिले. कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध ठरायचा आहे, एवढ्या एका वाक्यावर ते वर्षानुवर्षे रिकामे राहिले. मग कार्यालयाने एका कंत्राटी मुलाला पाठवले. तो सकाळी झाडू मारायचा, दुपारी बँकेत चलने भरायचा आणि मधल्या वेळात प्रयोगशाळेत यायचा. मुलगा प्रामाणिक होता. मामांनी टाकाऊ द्रवांसाठी वेगवेगळ्या बाटल्या ठेवल्या होत्या. नत्राम्लाची बाटली वेगळी, सेंद्रिय द्रावकांची वेगळी, झाकणांना रंगसुद्धा वेगळे. ते कशासाठी, हे त्या मुलाला कुणी सांगितलेच नव्हते. त्याने जागा वाचवण्यासाठी दोन अर्ध्या बाटल्या एकत्र ओतल्या आणि झाकण घट्ट बसवले. तीव्र नत्राम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की क्रिया कधी लगेच होते, कधी तासाभराने. ती बाटली रात्री फुटली. सकाळी कपाटाची दारे उखडलेली होती आणि खोलीभर तपकिरी धुराचा वास होता. हे दुपारी तीन वाजता घडले असते तर वीस मुले त्या कपाटाला पाठ लावून उभी असती. चौकशीचा अहवाल आला, त्यात कंत्राटी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा असे कारण लिहिले होते. त्या अहवालाविरुद्ध मी तेव्हाही लिहिले, आजही बोलतो. निष्काळजीपणा पद रिकामे ठेवणाऱ्यांचा होता.

शाळांची स्थिती तर आणखी वाईट. डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतल्या चतुर्थश्रेणी पदांऐवजी ठोक रकमेचा शिपाई भत्ता देण्याचे धोरण आले. त्या पदांच्या यादीत पहारेकरी आहे, सफाईगार आहे आणि प्रयोगशाळा परिचरही आहे. त्या सर्वांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण सोडियम रॉकेलमध्ये बुडालेले आहे की नाही हे रोज पाहणे, टॉलेन्स द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही, कारण शिळे झाले की त्यात स्फोटक चांदीचे संयुग तयार होते, हे जाणणे, हे भत्त्यावर येणाऱ्या माणसाला कुणी आणि कधी शिकवायचे?

आपल्या रसायनशास्त्राचा इतिहासही माझ्या बाजूने आहे. १८१२ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटाने हम्फ्री डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली. लिहिण्यासाठी त्याला माणूस हवा होता, म्हणून मायकेल फॅरडे त्याच्याकडे आला. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडे नेमला गेला तो प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून. पुढच्याच महिन्यात तेच संयुग हाताळताना त्याच्या बोटांत नळी फुटली. तोंडावर काचेचा मुखवटा होता, म्हणून चेहरा वाचला. पुढे फॅरडे स्वतः मोठा झाला, तेव्हा त्याच्याजवळ चार्ल्स अँडरसन नावाचा, तोफखान्यातून निवृत्त झालेला सार्जंट होता. १८२७पासून सुमारे चाळीस वर्षे तो फॅरडेच्या प्रयोगशाळेत राबला. फॅरडेने आपल्या संशोधनग्रंथात त्याच्या काळजीपूर्वक कामाची नोंद नावानिशी केली आहे. आपल्यापैकी किती जणांच्या शोधनिबंधात, प्रबंधात, निदान विभागाच्या अहवालात परिचराचे नाव छापलेले आहे? हा प्रश्न मी या सभागृहातल्या सर्वांना विचारतो, रागाने विचारतो.

महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हटले की आपण भिंती रंगवतो, फलक छापतो, प्रथमोपचाराची पेटी काचेच्या कपाटात ठेवतो. एका महाविद्यालयात मी त्या कपाटाची किल्ली मागितली. ती कार्यालयातल्या लिपिकाकडे होती आणि लिपिक रजेवर होता. परिचर असता तर किल्ली त्याच्या कमरेला असती.

आता पुढचे काम. परिचरांसाठी मराठीत एक हस्तपुस्तिका व्हावी असे मला वाटते, निवृत्त परिचरांना बोलावून, त्यांच्या तोंडून ऐकून केलेली. त्यासाठी समिती नेमावी. विद्यापीठाने वर्षातून एकदा परिचरांचे प्रशिक्षण घ्यावे. याचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा, मी हाताशी आहेच. पुढच्या वर्षीच्या परिषदेला प्रत्येक महाविद्यालयाने शिक्षकांबरोबर आपला परिचर पाठवावा आणि त्याचा प्रवासखर्च आपल्या निधीतून द्यावा, असा ठराव मी उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे.

पण समित्या होईपर्यंत थांबू नका. सोमवारी आपापल्या महाविद्यालयात गेल्यावर पाहा की परिचराचे पद भरलेले आहे की रिकामे. रिकामे असेल, तर प्राचार्यांना लेखी कळवा की तीव्र आम्ले, सोडियम आणि इथर यांचे प्रयोग आपण घेणार नाही. अभ्यासक्रम अपुरा राहिला तर राहू द्या. विद्यापीठाने कारण विचारले तर हेच पत्र त्यांनाही पाठवा, आणि एक प्रत मला पाठवा. त्यावर तुमच्या सहीखाली माझीही सही असेल.