पुळणीची जमाबंदी



ज्या गावच्या माणसाला समुद्र पाहावयाचा तर धामणगाव गाठून रात्रभर आगगाडीत बसावे लागते, तेथे सागरकिनाऱ्यावरील पर्यटनाच्या अर्थकारणावर बोलावयास आल्याबद्दल मघाशी चहाच्या वेळी माझी जी थट्टा झाली, ती मला शिरसावंद्य आहे. परंतु महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ च्या जानेवारीत स्थापन झाले, तेव्हा मुख्यमंत्रिपदावर आपल्याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते, एवढे लक्षात घेतल्यास यवतमाळकरांना या प्रकरणातून अगदीच हात झटकता येणार नाहीत. (हशा)

पृथ्वीचे तापमान, समुद्राची चढती पातळी, अरबी समुद्रातील वादळे हे सर्व आपण वर्तमानपत्रांतून वाचतच आहात. त्याची उजळणी करीत नाही. माझे म्हणणे इतकेच की पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची ती वाळू, हे किनाऱ्याच्या गावाचे मुद्दल आहे आणि सरकारी दफ्तरात या मुद्दलाची नोंद नाही. आपल्याकडे वर्धा-पैनगंगेच्या रेतीघाटांचे लिलाव होतात. ट्रॅक्टरवर चढलेल्या रेतीचा ब्रासचा भाव येथे पोरासोरांनाही तोंडपाठ असेल, पण पात्रात पडून राहून काठच्या विहिरींचे पाणी धरणाऱ्या रेतीचा भाव कोणत्या तहसिलीत लिहिलेला आहे?

दिवेआगरचे उदाहरण दोन मिनिटांत सांगतो. रायगड जिल्ह्यातील हे गाव प्राचीन. तेथील शके ९८२ चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. त्याविषयी खरे म्हणजे स्वतंत्र व्याख्यान हवे, आणि अध्यक्षांनी पुढील वर्षी बोलावल्यास मी अवश्य येईन. (हशा) तर या गावी १९९७ च्या नोव्हेंबरात पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. मग जी रीघ लागली तिने गावाचा कायापालट केला : ज्या माजघरात सुपाऱ्या सोलल्या जात, तेथे पाहुण्यांच्या गाद्या पडल्या, पडवीत पंगती बसू लागल्या, उकडीच्या मोदकांच्या मागण्या आदल्या दिवशी नोंदविल्या जाऊ लागल्या. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला, त्याचे सोने वितळविले गेले आणि पाहुण्यांचा ओघ ओसरला. पुढे २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा घडवून त्याची स्थापना—

(मागून आवाज : मग लोक गणपतीसाठी येत होते, वाळूसाठी नव्हे!)

प्रश्न शेवटी घ्यावयाचे ठरले होते. पण हा आक्षेप मला नवा नाही, आणि तो मला मुळीच अडचणीत आणीत नाही. देवदर्शन अर्ध्या तासात आटोपते. पाहुणा दोन रात्री राहतो तो पुळणीसाठी, आणि खोलीवाली, खाणावळवाली, मासळीवाली व घोडागाडीवाला या सर्वांचा पैसा मुक्कामात असतो, दर्शनात नव्हे. देवाने गिऱ्हाईक आणले; थांबविले पुळणीने.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नवे पोफळीचे रोप फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले. पुळणीचा पंचनामा होतो कोठे? आणि अशा प्रत्येक तडाख्यानंतर मागणी एकच येते : दगडी बंधारा. बंधारा समुद्रास दिसतो भारी, पण करतो काय? पावसाळ्यात लाटा पुळण ओढून नेतात, ती थोड्या अंतरावर पाण्याखाली ठेवतात आणि आश्विनानंतर शांत लाटा ती परत आणून घालतात. हा देवघेवीचा व्यवहार भिंत मोडते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते, किनारा अरुंद होतो आणि भिंत संपते तेथून पुढे शेजाऱ्याची जमीन खचू लागते. याउलट मर्यादवेल आणि केवडा यांनी बांधलेला वाळूचा उंचवटा पगार मागत नाही. (टाळ्या)

कार्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागच्या माणसास मी हे ऐकवणार नाही; लाट ज्याच्या परसात आली त्याला दगडच हवा, आणि तो द्यावा. पण दिवेआगर, गुहागर येथे मागे सरावयास अजून जागा आहे. ती घरे-हॉटेलांनी भरू नये. कार्तिकात व वैशाखात पुळणीची रुंदी मोजून तलाठ्याच्या दप्तरी लिहावी. आणि मुक्कामाच्या दरात काही पैसे लावून त्यांतून—

अध्यक्षांनी घड्याळ माझ्यासमोर आणून ठेवले आहे. (हशा) कांदळवनाची आणि वेळासच्या कासवांची पाने तशीच परत नेतो. तापलेल्या वाळूतून माद्याच अधिक निपजतात, एवढे त्यांतले ऐकून ठेवा. पैसे किती व कोणाकडून, हे विचारावयाचे असेल त्यांनी चिठ्ठी पाठवावी. आणि मघाचे ते गृहस्थ कोठे बसले आहेत, त्यांनी कृपया पुढे यावे.