अंदाज आणि ऐपत

वसंत म्हटला की कवींना कोकिळा आठवते. महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला मात्र अलीकडे आभाळ आणि वेधशाळेची सूचना यांकडे आळीपाळीने पाहावे लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात, ऐन होळीत, अवकाळी पावसाने कोकण भिजवले. २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला; त्याच महिन्याच्या अखेरीस कोकणाला पुन्हा तसाच इशारा मिळाला.

या लहरीपणामागे भूगोल आहे. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटतात आणि पारा आवरतात. ज्या दिवशी पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात त्या दिवशी हे खारे वारे उशिरा पोचतात, आणि सह्याद्रीवरून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन अधिकच तापते. महाड समुद्रापासून बरेच आत आहे. पोलादपूर तर आंबेनळी घाटाच्या थेट पायथ्याशी. याच पट्ट्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले. पुढे पश्चिमी झंझावात सरकू लागले आणि अरबी समुद्रावरची आर्द्रता त्यांना मिळाली की चार दिवसांत तेच आभाळ गडगडते.

आता इशारा कसा दिला जातो ते पाहावे. तो जिल्ह्याला दिला जातो, आणि नकाशावर अलिबाग व पोलादपूर एकाच रंगात रंगतात. किनारी प्रदेशासाठी उष्णतेच्या लाटेची पहिली अट ३७ अंशांची आहे, मैदानी प्रदेशासाठी ४० ची. रायगडचा जिल्हा किनारी, पण त्याचे हे दोन तालुके धड किनारी नव्हेत आणि धड मैदानीही नव्हेत. मात्र तंत्र अपुरे असल्याची सबब आता पुरेशी नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज उपलब्ध झाले. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीचे नवे प्रारूप कार्यान्वित झाले. (त्याच २०२४ च्या आरंभी, अंदाजाचे शेतकऱ्याच्या भाषेत सल्ल्यात रूपांतर करणारी जिल्हा कृषी-हवामान केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला होता, ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.)

अर्थशास्त्राच्या दृष्टीने माहितीचे मोल ती ऐकून माणसाला आपला निर्णय किती बदलता येतो यावर ठरते. ज्याच्यापाशी फवारणीला पैसे आहेत तो आंबेवाला मोहोर वाचवण्याची धडपड करू शकतो. ज्याचा वाल खळ्यावर पडला आहे आणि घरात माणसे आहेत तो रातोरात तो उचलतो. राब भाजायला रचून ठेवलेला वृद्ध एकट्याने काय झाकणार? आणि वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाच्या हाती तर त्या सूचनेने काहीच पडत नाही.

पावसाळा सरला की मुकादमाकडून उचल घेऊन ही कुटुंबे घर सोडतात. मजुरी हजार विटांमागे ठरते. थापलेली कच्ची वीट उन्हात वाळत असताना पाऊस आला की तिचा पुन्हा चिखल होतो, आणि चिखलाची हजेरी कोणी लिहीत नाही. उचल मात्र वहीत तशीच राहते. उन्हाचा इशारा आला म्हणून दुपारचे काम थांबवावे, तर तेवढ्या विटा कमी पडतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण हवामानाची जोखीम सर्वांत दुबळ्याच्या माथी मारणारा हा हिशेब शाबूत आहे.

हवामानाधारित फळपीक विमा आहे ना, असे विचारले जाईल. आहे, आणि त्याचा उपयोगही आहे. तथापि भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या यंत्राच्या नोंदीवरून. डोंगराळ मुलखात यंत्र एका खोऱ्यात आणि झाड दुसऱ्या खोऱ्यात असू शकते. शिवाय ती बागायतदाराची योजना. वालाचे खळे आणि कच्ची वीट तिच्या कक्षेबाहेर.

महाडला हा प्रश्न नवा वाटू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. तरीही चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. कागदावर खुले असणे आणि ओंजळीत येणे यांत चार वर्षांचे अंतर पडले.

तेव्हा मागणी नेमकी असावी. इशाऱ्याच्या दिवशी पावसाने गेलेली कच्ची वीट मजुराच्या हिशेबात धरावी. झाकायचे कागद आणि सावलीचा मांडव भट्टीमालकाने पुरवावा. उन्हाच्या दिवसांत दुपारी काम थांबल्यास किमान मजुरी मिळावी. आणि वाड्या-वस्त्यांच्या टँकरचे वेळापत्रक एप्रिलची वाट न पाहता फेब्रुवारीतला पारा बघून आखावे. यातली पहिली तिन्ही कलमे दिवाळीच्या सुमारास, उचल हाती पडते त्याच वेळी, कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर लिहून घ्यावी लागतील. मार्चमध्ये, वीट थापायला घेतल्यावर, ती मागायला मजुराला सवड नसते आणि मालकाला ती ऐकण्याची गरज नसते.