ड्रिल घेताना आधी बॅटरी बघा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने बिनवायरचं ड्रिल मशीन घेतलं, स्वस्तातलं. दाराच्या बिजागऱ्या, फळ्या, पडद्याचे रॉड, सगळं आमचं आम्ही बसवलं. वर्षभरात बॅटरी बसली. तशी बॅटरी तालुक्याला नाही, जिल्ह्यालाही नाही. मशीन धडधाकट, पण माळ्यावर पडून आहे. गटाचे पैसे अडकले ते अडकलेच.

म्हणून सांगते, आधी बॅटरी बघा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला लागत नाही. बॉशचंच घ्या ना. त्यांच्या निळ्या आणि हिरव्या मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही एकमेकींना चालत नाहीत! म्हणजे आज ड्रिल ज्या बॅटरीवरचं घ्याल, उद्या कटरही त्याच बॅटरीवरचा घेतला तर परवडतो. दुकानदाराला विचारा, नुसती बॅटरी मिळते का, केवढ्याला, दुरुस्ती कुठे होते. तिथे तो अडखळला तर पिशवी उचला.

आकड्यांना भुलू नका. १८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट मॅक्स' ही एकाच ताकदीची बॅटरी. २० हा फक्त पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा. लाकडाला, पातळ पत्र्याला १२ व्होल्टचं हलकं मशीन पुरतं, हातही दुखत नाही. विटांच्या भिंतीला इम्पॅक्टवालं हवं. स्लॅबला मात्र अशी मशीनं दमतात, तिथे वायरचं हॅमर ड्रिल भाड्याने आणा.

आणि हो, पदर खोचा, केस बांधा, डोळ्यांना चष्मा लावा.

आम्ही पुन्हा पैसे जमवतोय. या खेपेला आधी बॅटरीची किंमत विचारून आलोय.