‘आर’ची खोडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेली बाई इंग्रजीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत थोडे हसू झाले, ते मी पाहिले. हसा बापड्या! पण तुमच्यापैकी निम्म्याजणी रोज संध्याकाळी मुलांच्या इंग्रजीच्या वह्या धरून बसता, हेही मला ठाऊक आहे. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आले. आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचे. म्हणजे माझ्या वाट्याला तीनच वर्षे. तेवढ्या भांडवलावर मी धाकट्याचा अभ्यास घेत असे.

एकदा धड्यात डब्ल्यू-ओ-आर-एम, म्हणजे किडा, हा शब्द आला. ‘फॉर्म’, ‘हॉर्स’ यांच्या चालीवर मी त्याला ‘वॉर्म’ असे ठासून शिकवले. वर्गात त्याने तसेच मोठ्याने वाचले आणि सगळी मुले हसली. कोणी शिकवले म्हणून विचारले, तेव्हा पोराने माझे नाव सांगितले नाही. पण त्या दिवसापासून वही माझ्यापुढे येईना. कोपऱ्यात बसून एकटाच पुटपुटे. बायांनो, ते मला फार लागले.

शेवटी शेजारच्या डी.एड. झालेल्या सूनबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “काकू, आपला ‘र’ गरीब आहे. ‘धर्म’ म्हणा, ‘सर्प’ म्हणा, आधीच्या ‘अ’ला तो धक्का लावत नाही. इंग्रजी ‘आर’ मात्र शेजारच्या स्वराला आपल्या वळणावर नेतो.” मग त्यांनी पाटीवर ‘कॅट’ लिहिला. त्यात ‘आर’ घालताच ‘कार्ट’ झाले, म्हणजे गाडी! तसेच ‘बन’चे ‘बर्न’, ‘शॉट’चे ‘शॉर्ट’.

पुढची गंमत अशी, की ई-आर, आय-आर आणि यू-आर या तिघांचा आवाज एकच. टर्म, शर्ट, नर्स. म्हणून वाचायला सोपे आणि लिहायला अवघड. शर्टात कोणते अक्षर नि नर्समध्ये कोणते, हे कानाला कळत नाही; ते डोळ्यांनीच पाठ करावे लागते. शब्दाच्या शेवटीही तोच गोंधळ: टीचरला ई-आर, डॉक्टर-कंडक्टरला ओ-आर, डॉलरला ए-आर, आणि उच्चार सगळ्यांचा ‘अर’.

माझा घात केला तो डब्ल्यूने. तो पुढे बसला की ओ-आरचा आवाज बहुधा ‘अर्’ होतो: वर्ड, वर्ल्ड, वर्म. आणि ए-आरचा होतो ‘ऑर्’: दवाखान्यातला वॉर्ड. ऊन-ऊन या अर्थाचा ‘वॉर्म’सुद्धा ए-आरचाच. ‘आशा वर्कर’ आपण रोज म्हणतो, कोणी ‘वॉर्कर’ म्हणत नाही. म्हणजे उत्तर माझ्या तोंडात होते, वहीत दिसले नाही!

आणखी एक विचारले. टीव्हीवरचे साहेब ‘कार’मधला ‘र’ गिळतात, मग आपले चुकते का? त्या म्हणाल्या, इंग्लंडात बहुतेक लोक तो ‘र’ सोडून देऊन स्वर लांबवतात. अमेरिकेत बहुतेकजण ‘र’ म्हणतात, पण जिभेचे टोक टाळूला लावत नाहीत. आपण ‘र’ स्पष्ट म्हणतो. स्वर बरोबर असला म्हणजे समोरच्याला कळते. मला हे पटले. उगीच साहेबासारखे तोंड वाकडे करणे मला तरी जमायचे नाही.

मग मी धाकट्याला जवळ घेऊन सांगितले, “तुझे चुकले नव्हते, माझे चुकले होते.” तो काही बोलला नाही. पण चार दिवसांनी वही घेऊन आला. “आई, ई-ए-आर असून ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी, मग ‘हार्ट’ म्हणजे हृदय कसे?” म्हटले, मला नाही ठाऊक, चल, वहिनींना विचारू.

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता त्या आपल्याला तासभर द्यायला तयार आहेत. येताना पाटी आणि मुलांचे पुस्तक आणावे.