दोन शर्यतींच्या मधले दिवस

२०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या विश्वविजेतेपद मालिकेतली भारतातली पहिली शर्यत झाली. उकाड्यामुळे २४ फेऱ्यांच्या २१ कराव्या लागल्या, तरी दुसऱ्या आलेल्या होर्हे मार्टिनला गाडीवरून उतरल्यावर उभं राहवेना. अंगातलं पाणी आटलं होतं. पुढच्याच रविवारी तो जपानमध्ये जिंकला. एवढं पाहिलं की आठवडाभराची विश्रांती स्वाराला पुरते, असं वाटू लागतं. पाणी आणि क्षार भरून काढायला ती पुरतेही. पण शरीरातली प्रत्येक गोष्ट एकाच वेगानं भरून येत नाही. आखडलेले स्नायू काही दिवसांत मोकळे होतात, दंडाचं मोडलेलं हाड जुळायला दोन-तीन महिने सहज लागतात. म्हणून हाडावर शस्त्रक्रिया झालेल्या स्वारानं कधी परतायचं, हे त्याच्या हिमतीवर सोडू नये, नियमानं ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हाचा विश्वविजेता मार्क मार्केझ याचंच पाहा. १९ जुलै २०२० रोजी हेरेझला त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. मंगळवारी शस्त्रक्रिया करून धातूची प्लेट बसवली आणि शनिवारी तो त्याच ट्रॅकवर गाडीवर होता! वैद्यकीय तपासणीत तो पास झाला होता. हात हलतो का, जोर लावता येतो का, हे अशा तपासणीत कळतं. हाड जुळलंय का, हे कळत नाही. त्या दिवशी त्यानं माघार घेतली, पण ताण बसायचा तो बसला होता. मोटोजीपीची गाडी कमीत कमी १५७ किलोची असते आणि ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला की स्वाराचं अंग पुढे लोटलं जातं. तो भार तळवे, मनगट, कोपर असा चढत दंडापर्यंत येतो, प्रत्येक वळणाला. हाड जुळेपर्यंत तो सारा प्लेट सोसते, आणि तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते तशी तीही तुटते. घरातली मोठी खिडकी उघडताना मार्केझची प्लेट तुटल्याचं सांगण्यात आलं. ३ ऑगस्टला दुसरी शस्त्रक्रिया, डिसेंबरात तिसरी, २०२२मध्ये चौथी. पुढचं विश्वविजेतेपद मिळायला २०२५ उजाडलं.

कुणी म्हणेल, स्वार सज्ञान आहे, गुण त्याचे, जोखीम त्याची. दाखला देईल होर्हे लोरेन्झो या स्वाराचा. २०१३मध्ये आसेनला गुरुवारी त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, बार्सिलोनाला जाऊन त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली, आणि शनिवारच्या शर्यतीत तो पाचवा आला. त्या जिद्दीला मी मनापासून मानतो. पण दोन आठवड्यांनी जर्मनीत सरावातच तो पुन्हा पडला, प्लेट वाकली, ती शर्यत हुकली, आणि वर्षाअखेर विजेतेपद चार गुणांनी गेलं. शिवाय जोखीम एकट्याची कुठे असते? अर्धवट बळाच्या हातानं ब्रेक मारणाऱ्याच्या मागे-पुढे, हातभर अंतरावर, इतरही असतात.

सगळ्यांची हाडं सारख्या वेगानं जुळत नाहीत, ही हरकत मात्र रास्त आहे. तिच्यासाठी सक्तीची किमान मुदत ठेवावी आणि नंतर एक्स-रे पाहूनच परवानगी द्यावी. २०२३पासून प्रत्येक ग्रांप्रीत शनिवारी स्प्रिंट ही छोटी शर्यतही असते, म्हणजे दुखऱ्या हातावर शर्यतीचा ताण आता दोनदा. संघाला बदली स्वार उतरवता येतो, त्याची गाडी रांगेतून जात नाही. गुण बुडतात ते स्वाराचे. म्हणूनच थांबायचं की नाही, हा निर्णय त्याच्याकडे असू नये.