फोर्तुनातो फ्रँको : पडद्याआडचा गडी
(मोताळा येथे ज्युबिली समारंभात तरुणांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी तरुणांस उद्देशून चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हांस झाली. संतांची चरित्रे आपण प्रार्थनामंदिरात नित्य ऐकता. म्हणून आज आम्ही एका फुटबॉलपटूचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहो. यात अनुचित असे काही नाही. संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचाच दृष्टांत घेतला होता.

फोर्तुनातो फ्रँको यांचा जन्म १९३७ साली गोव्यातील कोलवाळ गावी झाला. बाळपणीच ते मुंबईस आले व तेथील मैदानांवर त्यांचा खेळ घडला. त्यांची जागा हाफबॅकची. आघाडीचा गडी गोल करतो, त्याचे नाव सर्वतोमुखी होते. हाफबॅकने मात्र प्रतिपक्षाचा हल्ला मोडावा, चेंडू हस्तगत करून पुढच्याच्या स्वाधीन करावा आणि पुन्हा मागे धावावे. त्याच्या श्रमांची नोंद कोणत्याही फलकावर होत नाही.

१९६० साली रोम येथील ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात फ्रँको होते. पुढे १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत त्यांच्या गुणांची खरी कसोटी लागली. संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर. तरुणपणी स्वतः उत्तम खेळलेले. त्यांच्याच शिकवणुकीने भारताने १९५१ साली दिल्लीस सुवर्णपदक मिळविले होते व १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकाविले होते. जाकार्तास ते गेले तेव्हा कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताचा दोन गोलांनी पराभव केला. तथापि संघ खचला नाही. थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांस जिंकून तो अंतिम सामन्यास पोहोचला. समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया! इस्राएल व तैवान यांस स्पर्धेत प्रवेश नाकारला गेला, त्यास भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्यामुळे ४ सप्टेंबर रोजी मैदानावर जमलेला अफाट जनसमुदाय भारतावर रुष्ट होता. जर्नेलसिंग यांच्या डोक्यास टाके पडलेले. रहीम यांनी त्या बचावपटूसच आघाडीस उभे केले. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला आणि भारत २–१ असा विजयी झाला. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीम निवर्तले. फुटबॉलमधील तसे सुवर्णपदक भारतास त्यानंतर आजतागायत लाभलेले नाही.

१९६४ साली आशियाई चषकाच्या स्पर्धेत भारत दुसरा आला व त्याच वर्षी महाराष्ट्राने संतोष चषक जिंकला. दोन्ही संघांत फ्रँको होते. गोव्याच्या साळगावकर संघाकडूनही ते खेळले. १० मे २०२१ रोजी त्यांनी देह ठेविला.

मित्रहो, या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? त्या संघात हिंदू, मुसलमान, शीख व ख्रिस्ती एकत्र नांदले. विजय कोणा एकाचा झाला नाही. शिक्षकाने मरण समोर दिसत असता आपले ज्ञान शिष्यांच्या हाती दिले. पदक मात्र शिष्यांच्या गळ्यात पडले. आणि फ्रँकोंसारख्या गड्याने गोलाची हाव न धरता इतरांस चेंडू पुरविला.

धर्मग्रामाचेही असेच आहे. पोटासाठी आमची मुले मुंबई-पुण्याची वाट धरतात. त्यांस दोष कसा द्यावा? परंतु रविवारी मुलांस धर्मशिक्षण कोण देईल, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसेल, मंदिराची झाडलोट कोण करील, याचे उत्तर ज्युबिलीच्या पताका देणार नाहीत. ती कामे हाफबॅकची आहेत. ती करणारे असतील तर पुढची ज्युबिली होईल. नसतील तर केवळ भिंती उरतील.

ज्यांनी अशी कामे निमूटपणे केली व ज्यांची नावे या पुस्तिकेतही आली नसतील, त्यांस आम्ही आज वंदन करितो. त्यांच्या जागा रिकाम्या राहू नयेत, एवढीच प्रभुचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.